शेती-अवजारांची बर काढणे व सफाई : योग्य घासणीची निवड

मृगाच्या तोंडावर गावोगावच्या लोहारांकडे अवजारांची रीघ लागते. नांगराचे फाळ शेवटून घेतले जातात, वखराच्या पासेला नवी धार येते, विळे व खुरपी पाजळली जातात आणि पावसाची चिन्हे पाहून शेतकरी ती घाईघाईने घरी नेतो. परंतु ऐरणीवरून उतरलेले किंवा यंत्राच्या चकतीवर नुकतेच घासलेले अवजार हे कामास पूर्णपणे सिद्ध झालेले असते असे नाही. त्याच्या काठावर धातूची एक पातळ, खरखरीत कोर उभी राहिलेली असते. कारखान्यातील कामगार तिला ‘बर’ म्हणतात. बोट हलकेच फिरविले तर ती नखाला अडते. निष्काळजीपणे फिरविले तर बोट कापते.

ही बर तशीच राहिल्यास होणारे नुकसान तिहेरी असते. पहिले मजुराच्या हाताचे. शेतातील जखम ही माती व शेण यांच्या सान्निध्यात होते, आणि धनुर्वाताचे जंतू राहतात ते नेमके तेथेच. गंजलेल्या लोखंडाने धनुर्वात होतो अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः गंज हे त्याचे कारण नसून खोल जखमेत शिरलेली घाण हे कारण होय. म्हणून नव्या, लखलखीत खुरप्याच्या बरेने झालेली जखमही तितकीच गंभीर समजावी व धनुर्वाताच्या लसीविषयी आरोग्यकेंद्रात विचारणा करावी. दुसरे नुकसान धारेचे. बर ही धार नव्हे. पहिल्या चार-दोन घावांतच ती वाकते किंवा तुटते, आणि मागे बोथट काठ शिल्लक राहतो. ‘कालच पाजळले आणि आज बोथटले’ ही तक्रार पुष्कळदा पोलादाची नसते, न काढलेल्या बरेची असते. तिसरे नुकसान पृष्ठभागाचे. ओबडधोबड घासलेल्या भागाच्या चऱ्यांत ओल टिकते आणि गंज तेथूनच सुरू होतो.

बर काढण्यासाठी व पृष्ठभाग साफ करण्यासाठी आज तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात नाना प्रकारची सामग्री मिळते. कानस, निसणा, पॉलिश पेपर, एमरीचे कापड, ग्राइंडरच्या चकत्या, फ्लॅप चकत्या, आणि अलीकडे तंतूंच्या जाळीदार घासण्या. दुकानदार बहुधा सर्वांत भरड वस्तू पुढे करतो, कारण तिने काम लवकर झाल्यासारखे दिसते. निवड करताना मात्र शेतकऱ्याने स्वतःस दोन प्रश्न विचारावेत : ह्या वस्तूवरून काय काढावयाचे आहे, आणि काय शाबूत ठेवावयाचे आहे? यांतील दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. अवजाराच्या धारेला लोहाराने पाणी दिलेले पोलाद मोजकेच असते. जे घासून गेले ते परत येत नाही.

घासणारा पदार्थ व त्याचा क्रमांक

घासण्याचे काम करणारा पदार्थ आपल्याकडे नवा नाही. कुरुंद हे खनिज महाराष्ट्रातील शिकलगारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. लाखेत कुरुंदाची पूड कालवून केलेल्या साणेवर तलवारी व कट्यारी पाजळल्या जात. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हा शब्दही दक्षिण भारतातील भाषेतूनच तिकडे गेला. रासायनिक दृष्ट्या कुरुंद म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. आज हाच पदार्थ विजेच्या भट्टीत कृत्रिम रीतीने तयार होतो व लोखंड-पोलादासाठी तोच सर्वाधिक वापरला जातो. दुसरा पदार्थ सिलिकॉन कार्बाइड, अर्थात कार्बोरंडम. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांना तो १८९१ च्या सुमारास विजेच्या भट्टीतील प्रयोगांत गवसला. कठीणपणाच्या मोहस मापात हिऱ्याचे गुण १० धरले तर कुरुंदाचे ९ व कार्बोरंडमचे सुमारे ९.५ होतात. तरीही पोलादावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड अधिक टिकते. कार्बोरंडमचे कण अधिक तीक्ष्ण पण ठिसूळ असल्यामुळे ते बीड, पितळ व दगड यांसाठी योग्य ठरतात.

कागदाच्या वा कापडाच्या पाठीवर छापलेला क्रमांक हा कणांचा आकार दर्शवितो. क्रमांक जितका मोठा तितका कण बारीक, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास उलटी वाटते. मुळात हा क्रमांक चाळणीच्या एक इंच लांबीत किती छिद्रे आहेत त्यावरून आला. छिद्रे वाढली म्हणजे ती बारीक झाली, हे पिठाची चाळणी वापरणाऱ्या गृहिणीस सांगावे लागत नाही. ‘पी’ अक्षरासह छापलेल्या ८० क्रमांकाचे कण सरासरी सुमारे ०.२ मिलिमीटर, १२० चे ०.१२५, २४० चे सुमारे ०.०६ आणि ४०० चे सुमारे ०.०३५ मिलिमीटर असतात. ८० क्रमांकाचा कागद धातू कापतो व ठळक चरे सोडतो. ४०० क्रमांकाचा कागद जवळजवळ काहीच कापत नाही. तो फक्त आधीचे चरे पुसतो.

यावरून कामाचा क्रम ठरतो. भरड कागदावरून एकदम बारीक कागदावर उडी घेऊ नये, कारण ४०० च्या कागदाने ८० चे चरे दिवसभर घासले तरी जात नाहीत. ८०, मग १५०, मग २४० असे जावे. प्रत्येक पायरीला घासण्याची दिशा आधीच्या दिशेस आडवी ठेवावी. जुने आडवे चरे दिसेनासे झाले की ती पायरी संपली, असे नुसत्या डोळ्यांनी कळते. उलटपक्षी जेथे १५० ने भागते तेथे ८० ने आरंभ करणे म्हणजे स्वतःच चरे पाडून स्वतःच ते पुसत बसणे होय.

तंतूंची घासणी : तिचे गुण व मर्यादा

भांडी घासावयाची हिरवी जाळीदार घासणी आता घराघरांत आहे. तिचा मूळ जन्म कारखान्यासाठी झाला. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत ती प्रथम निघाली. नायलॉनचे कुरळे तंतू एकमेकांत गुंतवून सैल जाळी करतात, तीवर राळेसारख्या द्रव्याने घासणारे कण चिकटवितात. तंतू झिजत जातो तसे नवे कण वर येतात. जाळी सैल असल्यामुळे कीस तीत अडकून बसत नाही व पाण्यात झटकली की ती पुन्हा कामास येते. लोखंडी तारेच्या काथ्याप्रमाणे तिचे तुकडे मोडून मागे गंजत राहत नाहीत, हा तिचा मोठा गुण होय.

कारखान्यासाठीच्या घासण्या रंगांवरून ओळखल्या जातात. तपकिरी बहुधा भरड, तांबूस-काळसर म्हणजे मरून रंगाची सर्वसाधारण कामाची, करड्या रंगाची अति बारीक, आणि पांढरी केवळ धुण्यापुरती. परंतु हे रंग सर्व उत्पादक एकसारखे पाळतातच असे नाही. म्हणून रंगावर विसंबण्यापूर्वी वेष्टनावरील मजकूर वाचावा आणि नको असलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर एकदा घासून पाहावे.

घासणीविषयी सर्वांत अधिक गैरसमज तिच्या शक्तीविषयी आहे. ती लवचिक असल्यामुळे पृष्ठभागाच्या उंचसखल भागाबरोबर वाकते. परिणामी ती खड्डा बुजवू शकत नाही, उंचवटा कापू शकत नाही, की जाड बर काढू शकत नाही. कागदासारखी पातळ बर, हलका गंज, चकतीने पडलेल्या चऱ्यांचा खरखरीतपणा एवढेच तिचे क्षेत्र. मात्र ती कडांवरून फिरताना त्यांना किंचित गोलाई देते. ज्या कडेला हात लागतो, उदाहरणार्थ खुरप्याची पाठ, फवारणी पंपाचा कडी-कोयंडा, ट्रेलरच्या फळीची पत्र्याची पट्टी, तेथे ही गोलाई वरदान ठरते. ज्या कडेने कापावयाचे आहे तेथे तीच गोलाई घात करते. खुरप्याचा वा कुट्टीच्या पात्याचा कापणारा काठ घासणीने कधीही घासू नये.

विळा, खुरपे व कोयता

ऐरणीवरून आलेल्या अवजारावर काळी पापुद्र्यासारखी खपली असते. ती कठीण असते व कानशीचे दात खाते. म्हणून प्रथम तारेच्या ब्रशाने खपली झाडावी, मगच कानस धरावी. कानशीला लाकडी मूठ असलीच पाहिजे. मुठीविना तिचे टोक तळहातात शिरल्याची उदाहरणे कोणत्याही लोहाराकडे ऐकावयास मिळतील. कानस पुढे ढकलताना कापते. मागे ओढताना ती उचलून घ्यावी, नाहीतर दात बोथटतात.

धार एका बाजूने घासत असता दुसऱ्या बाजूस बर उमटू लागते, आणि ती काठाच्या संपूर्ण लांबीवर सारखी जाणवली की घासणे काठापर्यंत पोहोचले असे समजावे. या अर्थाने बर ही कारागिराची खूण आहे. खूण मिळाल्यावर तिला राहू देण्यात मात्र अर्थ नाही. बारीक निसण्यावर थोडे पाणी टाकून पाते आळीपाळीने दोन्ही बाजूंनी, प्रत्येक खेपेस दाब कमी करीत, हलकेच ओढावे. पाच-सात ओढींत बर सुटते. जाड गोणपाटावर वा चामड्याच्या पट्ट्यावर धारेच्या उलट दिशेने दोनदा ओढल्यास उरलेसुरले निघून जाते.

उसाच्या कोयत्याची गोष्ट वेगळी लिहावी लागते. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांत ‘कोयता’ हा शब्द अवजाराबरोबरच नवराबायकोच्या जोडीलाही लावला जातो; एका शब्दात माणूस व हत्यार असे बांधले गेले आहे. ऊस जमिनीलगत तोडावा लागत असल्यामुळे कोयता दगड-मातीवर आदळतो व काठाला खाचा पडतात. खाच घालविण्यासाठी संपूर्ण काठ खाचेच्या तळापर्यंत उतरविण्याचा मोह आवरावा. लहान खाच कापण्याच्या आड येत नाही. तिच्या कडेला उलटून उभा राहिलेला धातू, अर्थात तिची बर, तेवढी कानशीने सपाट करावी. पुढच्या दोन-तीन पाजळणींत खाच आपोआप नाहीशी होते. असे केल्यास कोयता पुष्कळ अधिक हंगाम टिकतो.

दातेरी विळ्यास निसणा लावू नये. दातांची टोके जातात. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने प्रसृत केलेला वैभव विळा या प्रकारचा आहे. अशा विळ्याच्या दात नसलेल्या सपाट बाजूवरील बर मात्र बारीक कागदाने काढता येते.

फाळ, पास व नांगराची पाठ

लोखंडी नांगराच्या ओतीव भागांवर साच्याच्या सांध्याची रेघ उमटते व तेथे बीडाची बर राहते. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हापासून महाराष्ट्राच्या शेतकऱ्याचा ओतीव लोखंडाशी संबंध आला. बीड कठीण पण ठिसूळ असते. त्याची बर हातोडीने ठोकून पाडल्यास कडेचा टवका उडतो. ती कानशीने किंवा कार्बोरंडमच्या खड्याने घासून काढावी.

नांगराच्या ज्या वाकड्या पाठीवरून माती उलथते, तिच्या सफाईवर बैलांचे वा ट्रॅक्टरचे श्रम अवलंबून असतात. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या चिकण मातीत काम करणाऱ्यास हे नव्याने सांगावयास नको. गंज चढलेल्या पाठीला माती चिकटते. मग लोखंडावर माती न घसरता मातीवर माती घासत राहते आणि ओढ वाढते. येथे पाठीचा गंज ८० च्या कागदाने ढिला करून १५० व २४० ने साफ करावा आणि शेवटी मरून घासणी पाण्याबरोबर फिरवावी. येथे वर सांगितलेल्या आडव्या-उभ्या नियमाला एक पुरवणी जोडावी लागते : शेवटचे घासणे मातीच्या सरकण्याच्या दिशेनेच व्हावे. आडवे चरे मातीला धरून ठेवतात, तर उभे चरे तिला वाट देतात. पुढची झळाळी माती स्वतःच आणते. हंगाम संपताच या पाठीला तेल वा ग्रीस फासून ठेवले तर पुढच्या वर्षी यातील काहीच करावे लागत नाही. एक पावसाळा उघड्यावर राहिलेल्या नांगराला मात्र पहिल्या कागदापासून आरंभ करावा लागतो.

कडबाकुट्टीचे पाते

प्रथम मोटारीचे बटण बंद करून प्लग उपसून ठेवावा व चाक फिरणार नाही असे खुंटी वा लाकूड लावून अडकवावे. हे केल्याविना पात्याला हात लावू नये. पाते सोडवून बाहेर काढूनच घासावे.

पात्याची एक बाजू उतरती व दुसरी पूर्ण सपाट असते. सपाट बाजू खालच्या पट्टीला जवळजवळ घासून जाते आणि कडबा कात्रीसारखा कापला जातो. घासणे फक्त उतरत्या बाजूचे करावे. त्यामुळे सपाट बाजूवर बर उलटते. ती काढण्यासाठी सपाट निसणा सपाट बाजूवर पूर्ण टेकवून दोन-चार वेळा फिरवावा, जराही तिरपा धरू नये. ही बर राहिली तर पाते पट्टीवर आपटते, आणि ती टाळण्यासाठी पाते दूर बसविले तर कडबा कापला न जाता चिरडून आत ओढला जातो. कुट्टी लांब, फाटकी पडू लागली की बहुतेक वेळा दोष येथे असतो.

दुधाची भांडी व फवाऱ्याचे तोंड

स्टेनलेस स्टीलच्या किटलीला गंज न येण्याचे कारण तिच्या पृष्ठभागावरील क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य थर हे होय. लोखंडावर वापरलेली घासणी या किटलीवर फिरविली तर लोखंडाचे बारीक कण तिच्या पृष्ठभागात रुततात व आठवड्याभरात तांबडे ठिपके दिसू लागतात. शेतकरी किटली खोटी निघाली म्हणून दुकानदाराशी भांडतो. त्यासाठी दुधाच्या भांड्यांची घासणी वेगळी, वेगळ्या खुंटीवर टांगलेली असावी आणि ती पांढरी वा सर्वांत मऊ जातीची असावी. भरड घासणीने पडलेल्या चऱ्यांत दुधाचा अंश राहतो, तेथे जंतू वाढतात व दूध लवकर नासते. आतील पांढरट घट्ट थर घासून काढण्यापेक्षा डेअरीने शिफारस केलेल्या सौम्य आम्लयुक्त द्रावणाने सोडवावा. अ‍ॅल्युमिनियमच्या किटल्यांना धुण्याचा सोडा लावू नये, तो धातूच खातो. तसेच अ‍ॅल्युमिनियमची वस्तू साध्या ग्राइंडरच्या दगडावर धरू नये. मऊ धातू दगडाच्या छिद्रांत भरतो, दगड तापतो व फुटण्याचा धोका निर्माण होतो.

फवारणी पंपाच्या नोझलच्या भोकाला कोणतीही घासणी, कागद वा तार लावू नये. भोक केसभर मोठे झाले तरी बाहेर पडणाऱ्या औषधाचे प्रमाण वाढते, थेंब जाड होतात आणि एकरी हिशेब चुकतो. जुन्या दातब्रशाने पाण्यात साफ करावे. तोंडाने फुंकू नये.

यंत्राची चकती वापरताना

हातातील ग्राइंडर आता खेड्यांत सर्रास झाला आहे. त्याने अर्ध्या तासाचे काम दोन मिनिटांत होते, आणि तितक्याच वेगाने धारेचे पाणीही जाते. तापलेल्या पोलादावर प्रथम पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळी व सुमारे ३०० अंश सेल्सियसला निळी छटा येते. काठ निळा दिसला म्हणजे तेथील पोलाद मऊ झाले असे समजावे. निळा भाग घासून टाकणे किंवा लोहाराकडून पुन्हा पाणी देवविणे याविना उपाय नाही. म्हणून चकती दोन-तीन सेकंदांपेक्षा अधिक एका जागी ठेवू नये व पाते वारंवार पाण्यात बुडवावे. पात्यामागे उघडे बोट धरता येत नसेल तर ते अधिक तापले आहे, ही साधी कसोटी होय.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. चकतीवर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या यापेक्षा अधिक असल्याची खात्री करून घ्यावी. तंतूंच्या चकत्यांची मर्यादा दगडी चकत्यांहून बरीच कमी असू शकते, आणि एकाच मापाची म्हणून ती ग्राइंडरला बसते हाच मोठा धोका आहे. कापण्याच्या पातळ चकतीने बाजूने घासू नये. संरक्षक पत्रा काढू नये. डोळ्यांना चष्मा, नाकाला पट्टी हवी. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून असा रंग कोरडा न घासता पाण्याने ओला करून घासावा व खरवड जनावरांच्या गव्हाणीपासून दूर टाकावी. धोतराचा सोगा, पदर वा सैल बाही जवळ येऊ देऊ नये. ठिणग्या ज्या दिशेने उडतात तिकडे कडब्याची गंज वा डिझेलचे भांडे नाही हे पाहिल्यावाचून बटण दाबू नये. चैत्र-वैशाखात एक ठिणगी पुरते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वीच्या एखाद्या बाजाराच्या दिवशी लोहाराच्या दुकानापुढेच हे प्रात्यक्षिक घडवून आणावे. एकाच मापाची दोन खुरपी घेऊन एकाची बर काढावी, दुसऱ्याची तशीच ठेवावी व दोन्ही एकाच मजुराच्या हाती एका सरीत अर्धा-अर्धा दिवस द्यावीत. संध्याकाळी दोन्ही धारांवरून लाकडाची काडी फिरवून जमलेल्यांना दाखवावे. प्रात्यक्षिकासाठी लागणारे साहित्य थोडे आहे : मूठ बसविलेली एक कानस, बारीक निसणा, तारेचा ब्रश, ८०, १५० व २४० क्रमांकांचे प्रत्येकी दोन कागद, एक मरून घासणी आणि वाटीभर तेल.